मुंबई रक्तगट आणि आनुवंशिकता

मातापित्यांची लक्षणे अपत्यांत ज्या नियमांनी उतरतात त्या नियमांच्या अभ्यासास आनुवंशिकी म्हणतात. ‘खाण तशी माती’ या म्हणीत सामान्य माणसाचा या विषयीचा अनुभव साठवलेला आहे. तो अनुभव खरा असला, तरी अपुरा आहे. मातापित्यांत जे दिसते तेवढेच अपत्यात उतरते असे नाही, आणि एखाद्या पिढीत जे दिसत नाही ते नष्ट झालेले असते असेही नाही. अपत्याला मातापित्यांकडून प्रत्यक्ष लक्षणे मिळत नाहीत. लक्षणे घडविणारी जनुके मिळतात. त्यांतील काही जनुके अनेक पिढ्या अव्यक्त राहून पुढे व्यक्त होऊ शकतात. हा भेद स्पष्ट करून देणारे मानवी आनुवंशिकीतील एक प्रसिद्ध उदाहरण मुंबई येथे १९५२ साली उजेडात आले. ते ‘मुंबई रक्तगट’ (बाँबे रक्तगट) या नावाने जगभर ओळखले जाते. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव पुढे बदलले, तरी वैद्यकीय ग्रंथांत या रक्तगटाचे जुने नाव कायम राहिले आहे.

प्राचीन कल्पना : अपत्याच्या घडणीत माता व पिता या दोहोंचा वाटा असतो, हा विचार भारतात प्राचीन आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची घडण ज्या भावांपासून होते त्यांत मातृज व पितृज भावांची गणना केलेली असून रक्त, मांस, हृदय इत्यादी मातेकडून, तर केस, नखे, अस्थी इत्यादी पित्याकडून येतात असे मानले आहे. बीजाचा जो भाग दूषित असेल त्या भागापासून होणारा अवयव विकृत होतो, असेही तेथे म्हटले आहे. पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ अशी समजूत होती की, दोन रंग एकत्र करावेत त्याप्रमाणे मातापित्यांचे गुण अपत्यात मिसळून जातात. या समजुतीत एक मोठी अडचण होती. मिसळलेले रंग पुन्हा वेगळे होत नाहीत. परंतु आजोबांचे एखादे लक्षण मुलात न दिसता नातवात जसेच्या तसे प्रकट झाल्याची उदाहरणे तर सर्वांच्याच पाहण्यात होती.

मेंडेल यांचे नियम : ही अडचण ग्रेगोर मेंडेल (१८२२–८४) या ऑस्ट्रियन धर्मोपदेशकाने सोडविली. ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याच्या झाडांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्याने १८६५ साली वाचून दाखविले व ते १८६६ साली प्रसिद्ध झाले. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या शुद्ध वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील सर्व दाणे पिवळे येत. परंतु त्या पिढीच्या स्वपरागणापासून झालेल्या दुसऱ्या पिढीत सुमारे एक चतुर्थांश दाणे पुन्हा हिरवे येत. यावरून मेंडेल यांनी असे अनुमान काढले की, प्रत्येक लक्षणासाठी जीवाच्या ठिकाणी दोन घटक असतात, त्यांपैकी एक मातेकडून व एक पित्याकडून येतो. दोन घटक भिन्न असल्यास त्यांपैकी एक (प्रभावी) व्यक्त होतो व दुसरा (अप्रभावी) झाकला जातो. मात्र तो नष्ट होत नाही. पुढील पिढीस बीज देताना ही जोडी फुटते व तिच्यातील कोणताही एक घटक अपत्याकडे जातो. निरनिराळ्या लक्षणांचे घटक एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाटले जातात, हा त्यांचा दुसरा निष्कर्ष होता.

या संशोधनाकडे सुमारे ३५ वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. १९०० साली ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल कॉरेन्स आणि एरिक फोन चेर्माक यांच्या कार्यामुळे ते पुन्हा प्रकाशात आले. हे घटक पेशीच्या केंद्रकातील गुणसूत्रांवर असले पाहिजेत, हे वॉल्टर सटन व टेओडोर बोव्हेरी यांनी लवकरच दाखवून दिले. १९०९ साली व्हिल्हेल्म योहान्सेन यांनी या घटकांस ‘जीन’ हे नाव दिले. मराठीत त्यासाठी ‘जनुक’ ही संज्ञा रूढ आहे. मानवी शरीराच्या पेशीत ४६ म्हणजे २३ जोड्या गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. अंडपेशी व शुक्राणू तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र त्यांत जाते. त्यामुळे अपत्यास २३ गुणसूत्रे मातेकडून व २३ पित्याकडून मिळून पुन्हा ४६ चा संच पूर्ण होतो. कोणत्या अपत्याकडे जोडीतील कोणते गुणसूत्र जाईल हे केवळ योगायोगावर अवलंबून असते, म्हणूनच सख्खी भावंडे सारखी असूनही एकसारखी नसतात.

रक्तगटांची आनुवंशिकता : मनुष्याच्या बाबतीत वाटाण्याप्रमाणे संकर करून पाहता येत नाहीत. म्हणून जन्मभर न बदलणारे, वयाचा व आहाराचा परिणाम न होणारे आणि निश्चितपणे ओळखता येणारे लक्षण आनुवंशिकीच्या अभ्यासकांना हवे होते. असे लक्षण रक्तगटांच्या रूपाने मिळाले. व्हिएन्ना येथील कार्ल लांडश्टायनर यांनी १९०१ साली असे दाखविले की, एका व्यक्तीच्या रक्तातील तांबड्या पेशी दुसऱ्या व्यक्तीच्या रक्तरसात मिसळल्या असता काही वेळा त्यांचे पुंजके बनतात. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील ए व बी ही प्रतिजने आणि रक्तरसातील त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे ही या समूहनाची कारणे होत. ए प्रतिजन असलेला तो ए गट, बी असलेला तो बी गट, दोन्ही असलेला तो एबी गट व दोन्ही नसलेला तो ओ गट. ओ गटाच्या व्यक्तीच्या रक्तरसात ए व बी या दोहोंविरुद्ध प्रतिपिंडे असतात. या शोधाबद्दल लांडश्टायनर यांना १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तगट आनुवंशिक असतात हे एमिल फोन डुंगेर्न व लुडविक हिर्शफेल्ड यांनी १९१० साली दाखवून दिले. याच हिर्शफेल्ड यांनी आपल्या पत्नी हान्का यांच्यासह पहिल्या महायुद्धाच्या काळात सालोनिका येथे निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत ब्रिटिश सैन्यातील भारतीय सैनिकही होते. युरोपीय सैनिकांच्या मानाने भारतीयांत बी गटाचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे त्यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. रक्तगटांच्या वारशाचा अचूक नियम मात्र फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञांनी १९२४ साली मांडला. एकाच जागी येणारी ए, बी व ओ अशी तीन पर्यायी जनुके असून त्यांपैकी कोणतीही दोन प्रत्येक व्यक्तीजवळ असतात. ए व बी ही ओ वर प्रभावी असतात, तर ए व बी एकत्र आल्यास दोन्ही व्यक्त होतात. या नियमानुसार ओ गटाच्या व्यक्तीकडे देण्यासारखे ओ जनुकच असते. त्यामुळे ओ गटाच्या मातेला वा पित्याला एबी गटाचे अपत्य होणे अशक्य ठरते. हा नियम इतका खात्रीचा ठरला की, पितृत्वाच्या वादांत त्याचा पुरावा म्हणून उपयोग होऊ लागला.

मुंबईतील शोध : मुंबई येथील डॉ. वाय्. एम्. भेंडे, सी. के. देशपांडे व एच्. एम्. भाटिया यांना तीन व्यक्तींच्या रक्तात एक विलक्षण गोष्ट आढळली. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए अथवा बी यांपैकी कोणतेही प्रतिजन नव्हते. अर्थात नेहमीच्या परीक्षेत त्यांचा गट ओ ठरत होता. परंतु त्यांच्या रक्तरसाने ए व बी गटांच्या पेशींप्रमाणेच ओ गटाच्या पेशींचेही समूहन होत होते. ओ गटाच्या व्यक्तीस ओ गटाचे रक्त चालत नाही, ही गोष्ट तोवरच्या सर्व ज्ञानाशी विसंगत होती. या रक्ताची अधिक परीक्षा लंडन येथील लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रूथ सँगर व रॉबर्ट रेस आणि वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स या संशोधकांनी केली. या सर्वांच्या नावे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मे १९५२ मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला आणि एबीओ गटांशी संबंधित असे एक नवे लक्षण जगापुढे आले.

या व्यक्तींच्या पेशींवर नसलेला पदार्थ ‘एच’ या नावाने ओळखला जातो. एरवी तो बहुतेक सर्व माणसांच्या तांबड्या पेशींवर असतो व ओ गटात तो सर्वांत अधिक असतो. ज्यांच्याजवळ एच मुळीच नाही अशांच्या शरीरास तो परका असतो. म्हणून त्यांच्या रक्तरसात एच विरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती ओ गटाच्या पेशींवर सर्वांत तीव्रतेने क्रिया करतात.

कोड्याची उकल : नवे लक्षण सापडले, तरी त्याचा वारसा कसा चालतो हे कळावयास आणखी तीन वर्षे लागली. १९५५ साली फिलिप लेव्हीन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातील एका स्त्रीचा रक्तगट नेहमीच्या परीक्षेत ओ ठरत होता, पण तिच्या अपत्याजवळ बी जनुक होते आणि ते तिच्याकडूनच आलेले होते. बर्नस्टाइन यांच्या नियमानुसार हे अशक्य होते. स्त्रीचे मातृत्व तर निर्विवाद होते. तेव्हा एकच स्पष्टीकरण उरत होते : तिच्याजवळ बी जनुक होते, पण दुसऱ्या कोणत्या तरी जनुकाच्या अभावामुळे ते तिच्या रक्तात व्यक्त होऊ शकत नव्हते. तिच्या अपत्याला ते बी जनुक मिळाले, आणि पित्याकडून ते दुसरे आवश्यक जनुकही मिळाले. त्यामुळे आईत झाकलेले लक्षण अपत्यात प्रकट झाले.

हे कसे घडते ते पुढे वॉटकिन्स व मॉर्गन यांनी रासायनिक दृष्ट्या स्पष्ट केले. तांबड्या पेशीवर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. एच जनुकाच्या आज्ञेने तयार होणारे एंझाइम या साखळीला फ्यूकोज ही शर्करा जोडते. हाच एच पदार्थ होय. त्यावर ए जनुकाचे एंझाइम एक शर्करा (ॲसिटिल गॅलॅक्टोज अमाइन) जोडते, तर बी जनुकाचे एंझाइम दुसरी शर्करा (गॅलॅक्टोज) जोडते. ओ जनुकाचे एंझाइम निष्क्रिय असल्याने ओ गटात एच पदार्थ तसाच राहतो. म्हणजे एच हा पाया असून ए व बी हे त्यावरील मजले होत. पायाच नसेल, तर वरचा मजला बांधणारा कारागीर हजर असूनही काम होत नाही. मुंबई रक्तगटाच्या व्यक्तीजवळ ए, बी किंवा ओ यांपैकी कोणतीही जनुके असू शकतात. पण एच जनुकाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असल्याने तिचे रक्त सर्वस्वी ओ सारखे दिसते.

एच जनुकाची निष्क्रिय प्रत अप्रभावी असते. जिच्याजवळ एक सक्रिय व एक निष्क्रिय प्रत आहे अशा व्यक्तीचा रक्तगट सामान्य असतो व आपण वाहक आहोत हे तिला कळण्याचे काही कारणच नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत दोन्ही सक्रिय प्रती मिळण्याची शक्यता १/४, एक सक्रिय व एक निष्क्रिय मिळण्याची १/२ आणि दोन्ही निष्क्रिय मिळण्याची १/४ असते. हे प्रमाण मेंडेल यांच्या वाटाण्यातील प्रमाणच होय. येथे ‘एक चतुर्थांश’ याचा अर्थ चार मुलांपैकी नेमके एक असा नव्हे. प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता नव्याने तेवढीच असते. ए-बी-ओ जनुके ९ व्या गुणसूत्रावर व एच जनुक १९ व्या गुणसूत्रावर असल्याने दोहोंचा वारसा एकमेकांपासून स्वतंत्रपणे चालतो. मेंडेल यांच्या दुसऱ्या निष्कर्षाचेही हे उदाहरण आहे.

रक्ताधानातील महत्त्व : मुंबई रक्तगटाच्या व्यक्तीची प्रकृती अन्यथा सामान्य असते. हा रोग नव्हे. धोका निर्माण होतो तो रक्त देण्याची वेळ आली म्हणजे. केवळ पेशींची परीक्षा करून ‘ओ’ अशी नोंद केली आणि ओ गटाचे रक्त दिले, तर रक्तरसातील प्रतिपिंडांमुळे दिलेल्या पेशींचा नाश होऊन रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. अशा व्यक्तीस मुंबई रक्तगटाचेच रक्त द्यावे लागते. हे टाळण्यासाठी रुग्णाच्या पेशींबरोबरच त्याच्या रक्तरसाचीही परीक्षा करतात व तीत ओ गटाच्या पेशींचा समावेश करतात. युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांतील द्रव्य एच पदार्थ ओळखते. खऱ्या ओ गटाच्या पेशींचे त्याने समूहन होते, मुंबई गटाच्या पेशींचे होत नाही. रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त परस्परांशी जुळवून पाहण्याचा नियम हा शेवटचा पहारा होय.

या गटाचे दाते थोडे व विखुरलेले असतात. तांबड्या पेशी शीतपेटीत सुमारे पाच-सहा आठवडेच टिकतात, अतिनीच तापमानात गोठवून मात्र त्या अनेक वर्षे ठेवता येतात. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे स्वतःचेच रक्त काढून ठेवणे हाही एक मार्ग आहे. तथापि सर्वांत उपयुक्त ठरते ते कुटुंबियांचे रक्त तपासणे. नियमानुसार रुग्णाच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाचा गट हाच असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. येथे आनुवंशिकतेचा नियम थेट प्राण वाचविण्याच्या कामी येतो.

प्रमाण व संशोधन : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले, एच्. एम्. भाटिया यांचे कार्य त्याच्याशी निगडित आहे. परळ येथील के. ई. एम्. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था हे त्याचेच विकसित रूप होय. भाटिया व एम्. एस्. साठे यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मुंबईत या गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींत एक असे आढळले. युरोपीय लोकांत ते दहा लाखांत एक इतके विरळ मानले जाते.

या आकड्यावरून एक बोधप्रद गणित करता येते. विवाह यादृच्छिक होतात असे क्षणभर गृहीत धरले, तर ७,६०० त एक व्यक्ती मुंबई गटाची असण्यासाठी सुमारे ८७ प्रतींमागे एच जनुकाची एक प्रत निष्क्रिय असली पाहिजे. म्हणजे सुमारे ४४ व्यक्तींमागे एक व्यक्ती वाहक असली पाहिजे. ज्या लक्षणाला आपण अतिविरळ म्हणतो त्याचे जनुक मात्र मध्यम आकाराच्या प्रत्येक गावात, बहुधा प्रत्येक मोठ्या शाळेत, कोणाच्या तरी ठिकाणी मूकपणे वावरत असते. आपले विवाह जातीत व नात्यात होत असल्याने हे गणित केवळ स्थूल आहे. पण त्याचा मथितार्थ बदलत नाही.

नात्यातील विवाह : धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव कर्नाटकाच्या सीमेपासून फार दूर नाही. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील विवाहपद्धतींचा संगमप्रदेश असल्याचे दाखविले आहे. उत्तरेत नात्यातील विवाह निषिद्ध, तर दक्षिणेत ते इष्ट मानले जातात. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी आहे व दक्षिणेच्या सीमेकडे नात्यातील विवाहांचा प्रघात वाढत जातो. सास्तूर ज्या पट्ट्यात आहे त्या दक्षिण मराठवाड्यात भाचा हा जावई होणे ही नवलाची गोष्ट नाही. जमीनजुमला घरात राहावा, मुलगी ओळखीच्या घरात पडावी, देण्याघेण्याचा भार कमी व्हावा, अशी त्यामागे समजण्यासारखी कारणे आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जेथे अशी रूढी आहे तेथे हे विवाह वैध मानले आहेत.

आनुवंशिकीच्या दृष्टीने अशा विवाहात काय होते ते पाहू. वराची आई व वधूचा पिता ही सख्खी भावंडे. म्हणून वधूवरांचे एक आजोबा व एक आजी समान असतात. ही दोघे होणाऱ्या अपत्याचे पणजोबा-पणजी होत. पणजोबांच्या एखाद्या जनुकाची विशिष्ट प्रत वराच्या आईमार्फत वराकडे व त्याच्याकडून अपत्याकडे येण्याची शक्यता प्रत्येक पायरीला निम्मी होत १/८ होते. तीच प्रत वधूच्या बाजूने येण्याची शक्यताही १/८ असते. दोन्ही बाजूंनी तीच प्रत येण्याची शक्यता १/६४ भरते. पणजोबा-पणजी यांच्याजवळ मिळून अशा चार प्रती असल्याने एकूण शक्यता १/१६ होते. मामा-भाचीच्या विवाहात ती १/८ असते. वरील आकडे वापरून हिशेब केला, तर मुंबई गटाचे अपत्य जन्मण्याची शक्यता यादृच्छिक विवाहात ७,६०० त एक असेल, तेथे मामेबहिणीशी झालेल्या विवाहात ती सुमारे १,२०० त एक, म्हणजे सहापटींहून थोडी अधिक होते. तरीही प्रत्येक विशिष्ट विवाहात धोका अल्पच राहतो, आणि मुंबई रक्तगट हा स्वतः विकार नव्हे. परंतु थॅलसीमिया, दात्रपेशी पांडुरोग (सिकल सेल) व अनेक चयापचयजन्य विकार याच अप्रभावी वारशाने चालतात. तेव्हा नात्यातील विवाहास शाप समजणे जसे चूक, तसे त्यातील वाढीव शक्यतेकडे डोळेझाक करणेही चूक होय. रक्ताची वेळीच तपासणी व आनुवंशिक सल्ला हा त्यावरील विवेकी उपाय आहे.

सास्तूरचा उल्लेख आणखी एका कारणाने येथे उचित ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगावली. अतिशय हानी झालेल्या गावांत सास्तूर हे एक होते. अशा संकटात जखमींना तातडीने रक्त द्यावे लागते आणि घाईमुळे ओ गटाचे रक्त ‘कोणासही चालते’ या समजुतीवर भिस्त ठेवली जाते. ही समजूत बहुतांशी खरी असली, तरी सर्वांशाने खरी नाही, हे मुंबई रक्तगटाने शिकविले आहे. रक्तगट शांततेच्या काळात पूर्णपणे तपासून त्याची नोंद जवळ बाळगणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

पितृत्वाचा प्रश्न : एखाद्या पुरुषाचा गट नोंदीत ओ असून त्याच्या पत्नीचा गट ए आहे आणि मूल एबी गटाचे झाले, असे समजा. बर्नस्टाइन यांचा नियम शब्दशः लावला, तर तो पुरुष मुलाचा पिता नव्हे असे ठरते आणि निरपराध स्त्रीच्या चारित्र्यावर संशय येतो. परंतु तो पुरुष मुंबई गटाचा असेल व त्याच्याजवळ बी जनुक अव्यक्त असेल, तर मूल त्याचेच असू शकते. नियम खोटा नसतो. पुरुषाचा गट ओळखण्यात चूक झालेली असते. विवाहसंबंध चालू असताना जन्मलेले अपत्य औरस मानावे, असे गृहीतक भारतीय पुराव्याच्या कायद्यात (१८७२) होते व ते २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. रक्तपरीक्षेचा आदेश न्यायालयांनी सर्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली गौतम कुंडू खटल्यात स्पष्ट केले. आता पितृत्वाचा निर्णय डीएनए परीक्षेने होतो. तरी घरगुती चर्चेत रक्तगटांच्या कोष्टकावरून निष्कर्ष काढण्याची सवय पूर्णपणे गेलेली नाही. त्या कोष्टकालाही अपवाद आहेत, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

जनुकाचा प्रत्यक्ष शोध : जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनए या रेणूची संरचना १९५३ साली, म्हणजे मुंबई रक्तगटाचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षाने मांडली. जनुक म्हणजे या रेणूचा एक खंड असून त्यातील चार प्रकारच्या घटकांच्या क्रमात प्रथिनाची घडण लिहिलेली असते, हे त्यानंतर उलगडत गेले. १९९० च्या सुमारास एच जनुक वेगळे करण्यात यश आले. त्याच्या आज्ञेने ३६५ ॲमिनो अम्लांचे एंझाइम बनते. भारतीय मुंबई गटात या जनुकाच्या ७२५ व्या स्थानी थायमिनाऐवजी ग्वानिन आलेले असते. एवढ्या एका अक्षराच्या बदलाने २४२ व्या जागी ल्यूसिनाऐवजी आर्जिनीन येते व एंझाइम निष्क्रिय होते. याच गुणसूत्रावर लगत असलेले, लाळेत एच पदार्थ निर्माण करणारे जनुकही या व्यक्तींत गळालेले असते, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यामुळेच त्यांच्या लाळेतही हे पदार्थ आढळत नाहीत.

हे दोन्ही बदल एकाच गुणसूत्रावर जोडीने आढळतात. त्यावरून असे गुणसूत्र बाळगणाऱ्यांना ते एखाद्या दूरच्या समान पूर्वजाकडून मिळाले असावे, असे सूचित होते. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत हाच प्रकार आढळला, तर तेथील युरोपीय वंशाच्या लोकांत एच पदार्थ अत्यल्प असणारा वेगळा प्रकार आढळला. मळ्यांवर काम करण्यासाठी समुद्रापार गेलेल्या भारतीय मजुरांनी भाषा व चालीरीतींबरोबर हे अदृश्य सामानही नेले होते.

महाराष्ट्रातील अन्य कार्य : मुंबई येथील एल्. डी. संघवी व वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९५० च्या सुमारास प्रसिद्ध केला. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील इरावती कर्वे व के. सी. मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना १९६८ साली मांडली. १९५८ साली आर्. एन्. शुक्ला व बी. आर्. सोळंकी यांनी नागपूरकडील दात्रपेशी लक्षणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. विदर्भातील व आदिवासी भागांतील पुढील आरोग्यकार्यास त्यामुळे दिशा मिळाली. या विकाराच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तिचा मुख्य भर वाहक ओळखण्यावरच आहे.

अपत्य हे मातापित्यांचे प्रतिबिंब असते, ही समजूत जुनी व स्वाभाविक आहे. मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताने तीत मोलाची दुरुस्ती केली. अपत्याला मातापित्यांकडून जो वारसा मिळतो त्यातील पुष्कळ भाग स्वतः मातापित्यांनाही ठाऊक नसतो. तो त्यांच्या ठिकाणी आजोबा-पणजोबांची ठेव म्हणून अस्पर्शित राहिलेला असतो. म्हणून एखाद्या अपत्यात अनपेक्षित लक्षण दिसले, तर त्याचा दोष मातेच्या वा पित्याच्या माथी मारण्यास शास्त्रात आधार नाही. अप्रभावी जनुक प्रकट होते तेव्हा ते दोन्ही घराण्यांतून सारख्याच वाट्याने आलेले असते.